भावोजींची तिसरी पायरी

साऱ्या कोकणपट्टीत ‘सर्वांत चांगला’ हे दोन शब्द आमच्या भावोजींइतके जपून वापरणारा दुसरा माणूस झाला नसेल. हे वाक्य त्यांच्या हाती पडलं असतं, तर ‘साऱ्या कोकणपट्टीत’ या शब्दांखाली त्यांनी तांबड्या शाईची रेघ ओढली असती आणि समासात लिहिलं असतं, ‘सगळी पाहिलीस का?’ आता रेघ ओढणारं कोणी नाही, म्हणून मी ते तसंच राहू देतो.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शिरोड्याच्या अलीकडे आमचं गाव, तिथल्या हायस्कुलात ते इंग्रजी शिकवत आणि मी मराठी. मी लग्नाच्या भानगडीत पडलो नाही, त्यामुळे दोन्ही वेळचं जेवण ताईकडेच. शाळेत आणि पानावर असं दोन्हीकडे मी त्यांना पाहिलं, आणि दोन्हीकडे ते इंग्रजी व्याकरणातले तुलनेचे धडेच शिकवत होते असं मला आज वाटतं.

त्या दिवसांत मुलांची इंग्रजीशी गाठ आठवीत पडायची. भावोजी बाकीचं पुस्तक घाईने उरकत, पण तुलनेवर आले की त्यांचा मुक्काम पडे. इंग्रजीत गुण तीन पायऱ्यांवर उभा राहतो, असं ते सांगत. पहिल्या पायरीवर तो एकटा असतो. माड उंच आहे, संपलं. दुसऱ्या पायरीवर दोघे येतात, म्हणून भांडण होऊ नये यासाठी मध्ये एक ‘दॅन’ उभा करावा लागतो. तिसऱ्या पायरीवर सगळा गाव जमलेला असतो आणि त्यातल्या एकाच्याच डोक्यावर ‘दि’ नावाचं पागोटं असतं. लहान शब्द आपली आपण शेपटी लावून वर चढतात. मोठ्या शब्दांना मात्र चालवत नाही, त्यांच्यापुढे ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’ हे भालदार-चोपदार लागतात. आणि नियम कोणाला लागू नाहीत, तर ‘गुड’ला आणि ‘बॅड’ला. “फार चांगली माणसं आणि फार वाईट माणसं,” ते म्हणत, “यांना नियम लावायला जाऊ नये. साहेबालासुद्धा ते कळलं होतं.”

क्रियाविशेषणांवर तर त्यांची श्रद्धाच होती. वस्तूचा गुण वेगळा आणि तिच्या कामाचा गुण वेगळा, हा भेद त्यांना इतका आवडे की तो ते शाळेबाहेरही पाळत. एकदा आम्ही सावंतवाडीहून बैलगाडीने येत होतो. गाडीवान आपल्या बैलाला सारखा मठ्ठ, मठ्ठ म्हणत होता. भावोजींना ते सोसेना. “बैल मठ्ठ नाय रे. बैल बरो आसा. तो हळू चालता, इतक्याच.” गाडीवानाने मागे वळून पाहिलं आणि म्हणाला, “मास्तरानू, मगे तुमी उतरून ह्या त्याका समजावन सांगा.” पण याच भेदापायी नापास मुलांच्या बापांना ते कधी ‘मुलगा वाईट आहे’ असं म्हणाले नाहीत. मुलगा वाईट लिहितो, असं म्हणत. बाप घरी जाऊन मुलाला मारायचा तो मारीच, पण जरा कमी जोराने मारत असावा.

तिसऱ्या पायरीवर मात्र ते कोणालाच चढू देत नसत. सगळे पाहिल्याशिवाय सर्वांत चांगला कोण हे सांगणं म्हणजे खोटी साक्ष, हे त्यांचं मत. बाजारात कोळीण सुरमई उचलून दाखवी आणि म्हणे, “ह्येच्यापेक्षा बरो मासो अख्ख्या बंदरार मिळाचो नाय.” भावोजी शांतपणे विचारत, “अख्खा बंदर बघलंस?” ती म्हणे, “तुमी बघून येवा. तवसर मासो कुसान जायत.” ते खरोखर बघून येत. परत येईपर्यंत सुरमई दुसऱ्याच्या पिशवीत गेलेली असे आणि आमच्या पानात बांगडा पडे. लग्नं जुळवणारी माणसं त्यांना वळसा घालून जात. एकदा कुडाळकडचे एक गृहस्थ स्थळाची चौकशी करायला आले. मुलगा भावोजींचा विद्यार्थी. “मुलगा चांगला आहे,” भावोजी म्हणाले, “त्याच्या भावापेक्षा चांगला.” गृहस्थांनी साहजिकच विचारलं, “भाऊ कसा आहे?” भावोजी विचारात पडले. हे लग्न अर्थातच मोडलं. मुलाच्या बापाने पुढे वर्षभर आमच्या घरावरून जाताना छत्री आडवी धरली.

या सगळ्यात माझ्या बहिणीची एकच इच्छा होती. आपल्या हातची माशाची कढी सर्वांत चांगली, असं नवऱ्याने एकदा, फक्त एकदा म्हणावं. ताईच्या बांगड्याच्या कढीचा वास आला की मोजते पैसे तसेच ठेवून दुकानदार मान वर करीत. पण लग्नानंतरच्या पहिल्याच कढीला भावोजी सर्वांसमोर म्हणाले होते, “आवशीच्या कढीइतकी नाय, पण शेजारणीच्यापेक्षा बरी.” सासू सुखावली, पण शेजारीण दारातच उभी होती. पुढे कित्येक महिने तिने आमच्याकडे फणसाची भाजी पाठवली नाही. त्यानंतर रोज ताई वाढताना विचारी, “कशी झाली?” आणि रोज उत्तर येई: “कालच्यापेक्षा बरी.” “परवाइतकीच.” “कोकम जास्त पडला, पण गेल्या सोमवारपेक्षा बरी.” ताई पळीचा आवाज करीत आत जाई. मी खाली मान घालून जेवत असे.

देवालासुद्धा त्यांनी सूट दिली नाही. चवथीला आमच्याकडे पाच दिवस गणपती असतो, आणि तो पाण्यात जाण्याआधी घरचा कर्ता पुरुष त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालतो. तो एकेक मागणं मोठ्याने सांगतो आणि भोवतालचे सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. इतर घरांत या गाऱ्हाण्याची सुरुवात देव तिन्ही लोकांत मोठा, अशी होते. भावोजी म्हणत, “बा देवा म्हाराजा, तू मोठो आसस.” आणि थांबत. “आमच्या घरापुरतो तरी आमका म्हायत आसा,” असं एकदा त्यांनी पुढे जोडलं, तेव्हा त्यांच्या काकांनी सोवळ्यातच कपाळाला हात लावला होता. पुढे पुढे शेजारपाजारचे लोक आपलं विसर्जन आटपून हे गाऱ्हाणं ऐकायला म्हणून मुद्दाम येऊ लागले.

एका वर्षी चवथीच्या आधीपासून ताई तापाने पडली होती. विषमज्वर होता. सावंतवाडीचे डॉक्टर येऊन गेले आणि अंगणात चपला घालता घालता म्हणाले, “हे दोन दिवस निघाले तर निघाल्या.” भावोजींनी त्यांना विचारलं, “कालच्यापेक्षा?” डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. म्हणजे काल ती बरी होती. पाचव्या दिवशी गणपती उठायचा. गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या माटोळीची फळं सुकली होती, आतल्या खोलीचं दार ताईसाठी उघडं ठेवलं होतं, आणि नेहमीची माणसं जमली होती. त्या दिवशी हसायला मात्र कोणी आलं नव्हतं. भावोजी पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, “बा देवा म्हाराजा. तू सगळ्यांत मोठो. तुझ्यापेक्षा मोठो तिन्ही लोकांत कोण नाय. आणि हिच्यापेक्षा…” एवढ्यावर त्यांचा आवाज थांबला.

साथ द्यायची होती, पण आम्ही कोणीच तोंड उघडलं नाही. त्या शांततेत आतल्या खोलीतून, अगदी बारीक, पण स्पष्ट आवाज आला, “व्हय म्हाराजा.”

ताप आणखी आठवडाभर रेंगाळला आणि मग उतरला. ताई उठून बसू लागली, पेजेचा वाडगा हातात धरू लागली, आणि अंगात थोडी ताकद आली तशी पहिला सूड तिने उगवला. “अवो,” ती म्हणाली, “सगळे देव बघून इलात?” भावोजी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, “त्या दिवशी येळ खंय होतो?” अर्धवट राहिलेलं वाक्य काय होतं, ते तिने विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. पुढल्या चवथीला देव पुन्हा घरापुरता मोठा झाला आणि कढी पुन्हा कालच्यापेक्षा बरी झाली.

अशी बरीच वर्षं गेली. भावोजी निवृत्त झाले, दम्याने वाकले. शेवटच्या आजारात त्यांना तिखट बंद होतं. एक दिवस त्यांनी हट्टाने कढी मागितली. ताईने बिनतिखटाची, नावापुरतं कोकम घातलेली कढी केली आणि चमच्याने भरवली. सवयीने विचारलं, “कशी झाली?”

“बरी.”

ताई वाट पाहत राहिली. मीही. पुढे काहीच येईना, तेव्हा तिने विचारलं, “कोणापेक्षा?”

“कोणापेक्षा नाय गो,” भावोजी म्हणाले. “बरी.” आणि त्यांनी पुन्हा तोंड उघडलं.

या शिमग्याला त्यांना जाऊन वर्ष होईल. मी अजून ताईकडेच जेवतो. मधले काही महिने तिने कढी केलीच नव्हती. परवा केली, ताजे बांगडे, ओलं खोबरं, तिरफळं, सगळं पूर्वीसारखं. वाढून झाल्यावर ती दाराच्या चौकटीशी उभी राहिली आणि तिने विचारलं, “कशी झाली रे?” मी मराठीचा मास्तर. माझ्याकडे विशेषणांची कधी उणीव नव्हती, आणि आता अडवायलाही कोणी नव्हतं. मी म्हटलं, “ताई, सगळ्यांत चांगली. अशी कढी कुठेच नाही.”

ती माझ्याकडे बघत राहिली, मग भिंतीशी टेकून ठेवलेल्या त्यांच्या पाटाकडे. “नुसती बरी म्हण रे,” ती म्हणाली. “तितक्यान भागता.”