गॉजपट्टीची राखी

रोज सकाळी घराबाहेर पडण्याआधी कमलिनीबाई तव्यावर मूठभर बडीशेप भाजायच्या आणि गरम असतानाच पदराच्या गाठीत बांधायच्या. त्या हिंदी मुलखातल्या शहरात बड्या बाजारामागच्या वस्तीत बाया दिवसभर विड्या वळत. दहा वळल्या की एक ओढत. पोटुशी बाई दिसली की सरकारी दवाखान्यातल्या या नर्सबाई तिच्या ओठांतली विडी काढून घेत आणि हातावर बडीशेप ठेवत.

"बीड़ी से बच्चा छोटा रहता है, बहनजी. जचकी आसान," वस्तीतल्या गरोदर रामदेईची सासू बाळंतपणाचं गणित ऐकवायची.

"छोटा नहीं, अम्मा, अधमरा."

सदुसष्ट सालच्या माघात रामदेई बाळंत झाली. मुलगी मुठीएवढी. दुसऱ्या दिवशी बाई गेल्या, तर कापसाच्या बोळ्याने गुळाचं पाणी चाललेलं, आणि पोरीत रडायचंही त्राण नव्हतं. रामदेईचं लुगडं दुधाने भिजलं होतं. पण रीत अशी, की नणंदेने छाती धुतल्याशिवाय बाळाला पाजायचं नाही. त्याबद्दल नणंदेला नेग, म्हणजे मानाची भेट मिळते. नणंद ललितपूरला. यायला अजून दोन दिवस.

"दो दिन में बच्ची नहीं बचेगी. मैं धो देती हूँ," बाई म्हणाल्या.

"तो तुम कौन होती हो धोने वाली? ननद हो?" सासू उसळली.

रामदेईचा नवरा जगन्नाथ दारात उकिडवा बसला होता. बाईंनी पिशवीतली गॉजपट्टी फाडली, त्याचा हात ओढला आणि मनगटाला गाठ मारली.

"अब भाई हुआ मेरा. बोल, हूँ कि नहीं ननद?"

जगन्नाथने आईकडे पाहिलंच नाही. पोरीकडे बघत, थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं तो म्हणाला, "हौ, जिज्जी."

बाईंनी कोमट पाण्याने छाती धुतली, पोरीच्या ओठाला चीक लावला. चार वेळा काहीच नाही. पाचव्या वेळी ओठ हलले.

"नेग में साड़ी लोगी?" सासूने तोंड फिरवून टोमणा मारला.

"बहू के सिरहाने का बीड़ी का बंडल."

रामदेईने तो स्वतःच उशाखालून काढून दिला.

खरी नणंद आली आणि तिने गल्ली डोक्यावर घेतली. तक्रार वर गेली. साहेबांनी बाईंकडून लेखी माफीनामा मागवला.

"लिहून टाक दोन ओळी," नीलकंठराव म्हणाले. रेल्वेत कारकुनी केलेला बाईंचा नवरा. नोकरीची किंमत जाणून होता.

बाईंनी दोनच ओळी लिहिल्या. मुलगी जिवंत आहे. माफी मागणार नाही.

दूरच्या खेड्यात बदली झाली. बाई तिथे रुजू झाल्या. तिथेही नणंदा उशिराच यायच्या. तिथे त्यांना किती भाऊ मिळाले, ते त्यांनी कधी मोजलं नाही.

म्हातारपणी शहरात परतल्यावर प्रेमनगरच्या घरी त्या अंथरुणाला खिळल्या. एका दुपारी पुतणसून सरला तान्ह्याला घेऊन आली. खोलीत पुरुष पाहुणे बसलेले. पोर भुकेने रडू लागलं, तशी त्याला बाहेर नेऊन पाजायला ती संकोचून उठली. बाईंचं शेवटचं बोलणं तेव्हाचं:

"तू कुठे निघालीस? बस इथे. त्यांना सांग, चहा बाहेर घ्या म्हणावं."