मन्याचं गलबत आणि माझा दीपस्तंभ

मन्या गेल्याची बातमी आली तेव्हा मी खालापूरला एका लग्नाच्या मांडवात शिडीवर उभा राहून झालर ठोकत होतो. खालून कुणीतरी ओरडलं, “दत्ताशेठ, कर्जतचा टेंपोवाला मन्या गेला! सकाळी गाडी चालू करायला गेला आन् तिथंच बसला.” माझ्या हातातला हातोडा थांबला. डोळ्यांपुढे अंधारी आली, घसा दाटला, लहानपणापासूनचं सगळं आठवलं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. ते सगळं झालंही, पण नंतर. आधी माझ्या मनात जे आलं ते असं होतं... गलबताचं काय?

वाचकहो, दचकू नका. मन्या वर बसून हे वाचत असेल तर पोट धरून हसत असेल. आमची मैत्री जळफळाटावरच उभी होती आणि चांगली भक्कम उभी होती. मी मंडप डेकोरेटर. कापड, कागद, बांबू, थर्माकोल, जे हाताला लागेल त्यातून राजवाडा उभा करून दाखवणारा. मन्याला साधा पतंग चिकटवता येत नसे. आणि तरीही, लहानपणापासून, लोक बघायला जायचे ते मन्याकडे!

सुरुवात दिवाळीच्या किल्ल्यापासून झाली. आम्ही दोघं शाळकरी होतो. मी अंगणात असा किल्ला रचला होता की बुरुजांना बंदुका रोखायच्या जंग्या होत्या, तटावर अळीव उगवलेलं होतं, पाण्याचं टाकंसुद्धा होतं. शेजारी मन्याचा किल्ला म्हणजे मातीचा ढिगारा. पण त्या ढिगाऱ्याच्या टोकावर त्याने एक गंजका बोल्ट ठेवला होता. “ह्यो माथेरानच्या गाडीचा खरा बोल्ट हाय. नेरळला रुळाच्या कडेला पडला होता.” झालं! सगळी आळी त्या बोल्टाभोवती गोळा. मी ओरडतोय, अरे किल्ल्यावर बोल्ट कशाला, शिवकाळात आगगाडी होती का? कुणी ऐकायला तयार नाही. एका मावशीने तर बोल्टासमोर पणती ठेवली. त्या दिवशी मला कळलं की आपण कितीही सुंदर बनवलं तरी ते बनवलेलं, आणि मन्याकडे जे असतं ते खरं. ते कळणं आजही माझ्या पोटात तसंच आहे, न पचलेलं.

पुढे मन्याने टेंपो घेतला. भाताची पोती, लग्नाचं सामान, माझे बांबू, असं सगळं वाहायचा. आमच्याकडे घरोघरी छपरांवर टीव्हीचे अँटेना उगवले, आणि मुंबईहून मालिकांची माणसं बाहेरच्या चित्रीकरणाला आमच्या भागात येऊ लागली. त्यांचं सामान मन्याचा टेंपो वाही. त्या सामानात खेळण्याएवढे महाल असत, वीतभर रथ असत, दरीत पाडायची आगगाडी असे. हे सगळं कॅमेऱ्याने जवळून टिपायचं आणि पडद्यावर खरोखरीएवढं भासवायचं. काम झालं की ती माणसं त्या वस्तू तिथेच टाकून निघून जात. मन्या त्या मागून घेई, चिंध्यांत गुंडाळून घरी आणी आणि टेंपोच्या शेजारच्या पत्र्याच्या खोलीत फळीवर मांडी. खोलीत आडवी सुतळी बांधलेली. बघणाऱ्याने सुतळीच्या बाहेर उभं राहायचं. हात लावायचा नाही, मलासुद्धा नाही. मला तर मुळीच नाही!

त्याचा नियम एकच. वस्तू पडद्यावर दिसलेली हवी, आणि ती मन्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली हवी. चित्रीकरणात वापरली पण मालिकेत गाळली गेली, तर ती फळीवरून खाली. एक सुरेख नक्षीदार पालखी अशीच बाद झाली आणि तिच्यात त्याच्या कोंबडीने अंडी घातली. “दिसली नाय ना रं,” एवढंच तो म्हणाला. दुसऱ्याच्या सांगण्यावर त्याचा विश्वास नसे.

एका गणपतीत त्याने पौराणिक मालिकेतला छोटा महाल देवासमोर मांडला. माझ्याकडे त्या वर्षी मोराच्या पिसाऱ्याचं मखर होतं, महिनाभर खपून केलेलं. माझ्याकडे येणारे लोक आरती उरकून चपला पायात सरकवत विचारायचे, “मन्याकडचा म्हाल बघितला का?” तिकडे बायकांनी त्या महालाला हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, उदबत्ती ओवाळली. पडद्यावर त्यात देव राहिलेला ना! मूळ रंगावर कुंकवाचे ओघळ आले आणि मला बोट लावू न देणारा हा माणूस हात जोडून उभा. विसर्जनाच्या दिवशी त्याच्या आईने फर्मावलं, “पूजा झालेली वस्तू आता देवाची. देवाबरोबर जाऊ दे.”  मन्या महाल डोक्यावर घेऊन उल्हास नदीवर आला आणि त्याने तो पाण्यात सोडला.

मला ते बघवेना. धोतरासकट कमरेएवढ्या पाण्यात शिरलो आणि महाल खेचून बाहेर काढला. काठावर हाहाकार! मन्याची आई म्हणाली, “विसर्जन केलेलं परत घरात आणायचं नाय.” म्हणजे मन्याच्या घरात नाय. मी मनातल्या मनात नाचलो. महाल माझ्या गोदामात आला. अर्धं प्लास्टर विरघळलेलं, एक मनोरा नदीने नेलेला, पण होता माझा. मग लोक गोदामात येऊ लागले. दारातूनच विचारायचे, “ह्यो मन्याचा म्हाल ना?”

गलबताची गोष्ट मात्र या सगळ्यांच्या वरची. समुद्रावर व्यापार करणाऱ्या एका घराण्याची मालिका रविवारी संध्याकाळी लागायची. तिच्यातलं वादळ चित्रित झालं ते आमच्या पळसदरीच्या धरणात. दोन माणसं फळ्या हलवून लाटा काढत होती, पंखा वारा घालत होता, आणि हातभर लांबीचं गलबत त्यात हेलकावे खात होतं. हे मला मन्याने सांगितलं, कारण मी तेव्हा कुणाच्या तरी मुंजीचा मांडव घालत होतो. ऐन वेळी गलबताची डोलकाठी मोडली. सगळे हवालदिल. मन्याने काठावरच्या कारवीची काडी तोडली, तासली आणि तिथे बसवली. म्हणजे पडद्यावर वादळात जी डोलकाठी दिसली ती मन्याची! ज्याला पतंग चिकटवता येत नव्हता त्याची! पुढची कित्येक वर्षं कुणीही पाहुणा आला की सुतळीपलीकडून बोट दाखवून तो म्हणे, “ती काडी माजी.” आणि मग माझ्याकडे बघे.

मी खवळून कामाला लागलो. त्या गलबताच्या शेजारी शोभेल असा दीपस्तंभ बनवायला घेतला. पत्र्याच्या डब्यांचा सांगाडा, त्यावर कागदाचा लगदा, खाऱ्या वाऱ्याने पोपडे उडाल्यासारखा रंग. खिडकीतून डोकावलं तर आत वळत जाणारा जिना दिसावा. टोकाला विजेरीचा बल्ब, खाली बटण. आयुष्यात मी एवढं चांगलं काही केलेलं नाही, नंतरही नाही. तो घेऊन मी मन्याकडे गेलो. तो सुतळीच्या आतून बाहेर आला, उकिडवा बसला, बटण दाबलं, खिडकीला डोळा लावला. मग पुन्हा बटण दाबलं आणि पुन्हा डोळा लावला.

“झकास केलास रं दत्त्या.”

“मग ठेव गलबताशेजारी.”

“पन ह्यो दिसला नाय ना कुठं.”

“अरे, तुझ्या त्या काडीपेक्षा...”

“काडी दिसली. आख्ख्या मुंबईनं बघितली.”

“मग ठेव त्याला तुझ्या जुन्या टायरपाशी!” मी ओरडलो आणि दीपस्तंभ तिथेच टाकून तरातरा निघून आलो. परत मागायला जायचं नाही, असं ठरवलं. त्यानेही कधी विषय काढला नाही. पुढच्या खेपेला पाहिलं तर टायरपाशी तो नव्हता. मला वाटलं, कोंबड्यांना दिला असणार.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका रविवारी दुपारी मन्या टेंपो घेऊन दारात हजर. “चल, आपल्या लेण्यांच्या कोंडाण्याला. एकाकडे मालिकेतला कंदील हाय म्हनतात.” मी म्हटलं, “अरे, आज रविवार. संध्याकाळी तुझी मालिका.” “मरू दे मालिका!” मला आश्चर्य वाटलं. ज्याने स्वतःच्या हळदीच्या दिवशी पाहुण्यांना ताटकळत ठेवून ती मालिका बघितली होती, तो असं म्हणतो? कोंडाण्याला पोचलो. कंदीलवाला म्हणे भलत्याच गावचा. परत निघावं तर मन्या निवांत. ओढ्याच्या दगडावर बसला, भाकरी सोडली, सुकटीची चटणी मला वाढली, डोंगरामागे उतरणाऱ्या उन्हाकडे बघत राहिला. आमच्यात इतकी शांत संध्याकाळ कधी गेली नव्हती. कंदील नाही आणि मालिकाही हुकली, म्हणून मी मनातून भलताच खूष होतो. वरवर त्याचं सांत्वन करत होतो. तो गालातल्या गालात हसत होता. मला वाटलं, बिचारा दुःख लपवतोय.

त्याच सुमारास त्याने गलबत मधल्या फळीवरून उचलून सगळ्यात वरच्या फळीवर, पार छताजवळ नेलं. मला वाटलं, माझा हात पोचू नये म्हणून. तेही मी त्याच्या खात्यावर मांडून ठेवलं.

दिवसकार्य उरकल्यावर काही आठवड्यांनी सुलभावहिनींनी निरोप पाठवला. मन्याची बायको म्हणजे मोजकं बोलणारी बाई. पत्र्याच्या खोलीचं दार त्यांनी उघडलं. आत टेंपोच्या ऑइलचा आणि जुन्या रंगाचा तोच वास. सुतळी तशीच. मी सवयीने बाहेर उभा राहिलो.

“या की आत, भावोजी. गलबत घेऊन जा. तुमचा जीव त्यात अडकलाय, हे नेहमी म्हनायचे.”

मी सुतळीखालून वाकून आत गेलो. स्टुलावर चढलो. इतक्या वर्षांनी ते गलबत माझ्या हातात आलं... हलकं होतं, कल्पनेपेक्षा फारच हलकं. कारवीची काडी अजून ताठ. आणि गलबत उचललं तर त्याच्या मागे, घडी घातलेल्या पंच्यावर, माझा दीपस्तंभ उभा होता. धूळसुद्धा नाही अंगावर.

“वहिनी, हा इथे कसा?”

“दिसला ना तो! म्हनून वर चढला.”

“दिसला? कुठे दिसला?”

वहिनींनी पदर सारखा केला. आता लपवून काय उपयोग, असा चेहरा. “ती मालिकावाली मानसं पुन्हा पळसदरीला आली होती. हे गलबताबरोबर ह्यालाबी गोधडीत गुंडाळून घेऊन गेले. त्यांच्या साहेबाच्या मागं लागून लागून पान्याच्या कडेला ठेवायला लावला. वादळात गलबत वळतं, आन् मागं लांबवर बत्ती पेटते. ती तुमची.”

मी स्टुलावरच बसलो. “आणि मला सांगितलं नाही त्याने?”

“शपथ घातली होती मला. म्हनाले, दत्त्याचं हाताचं काम मोठं, ते सगळ्यांना ठावं हाय. आता त्याचं पडद्यावर पन दिसलं, हे त्याला कळलं, तर माज्याकडं काय उरलं? म्हनून तर त्या दिवशी तुमाला कोंडाण्याला नेलं.”

म्हणजे तोही जळत होता! आयुष्यभर! इतकं बरं वाटलं मला की रडू कोसळलं. मग डोळे पुसता पुसता एक गोष्ट लक्षात आली आणि मी ताडकन उठलो. “पण वहिनी, तो तर माझ्याबरोबर होता. मग त्याने स्वतः...”

“नाय बघितलं. मला बसवलं होतं टीव्हीसमोर. परत आले, चपला काढायच्या आधी दारातूनच विचारलं, दिसला का गं? म्हटलं, दिसला. तसंच स्टूल घेतलं आन् ह्याला वर ठेवला.”

इतक्या वस्तूंमध्ये ती एकच मन्याने दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबून फळीवर चढवली. तो भाग पुन्हा कधी दाखवला नाही. मी पाहिला नाही, त्याने पाहिला नाही. आम्ही दोघं कोंडाण्याच्या ओढ्यावर चटणी-भाकरी खात बसलो होतो.

गलबत मी घरी आणलं नाही. जागेवर ठेवलं, फक्त थोडं बाजूला सरकवलं, म्हणजे मागचा दीपस्तंभ दिसेल. परवा शेजारचे एक गृहस्थ खोली बघायला आले. सुतळीपाशी उभे राहून म्हणाले, “हा पण मन्याचाच ना?” मी दात ओठ खाऊन हो म्हणालो.

आता मन्याचा हेवा करून उपयोग नाही. सध्या मी वहिनींचा हेवा करतो, कारण माझी बत्ती पेटलेली पाहणारं आमच्यातलं माणूस त्या एकट्याच. रविवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे जातो, चहा घेतो आणि म्हणतो, “वहिनी, सांगा बघू परत.” त्या सांगतात. लाटा, पंख्याचा वारा, वळणारं गलबत, आणि मग लांबवर माझा उजेड. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो पापणी लवेपर्यंतच टिकला होता. हल्ली दर रविवारी थोडा थोडा जास्त वेळ राहतो.