बघून सांगा

एसटीचं टायर पंक्चर झालं म्हणून आम्ही सगळे नळदुर्गजवळच्या एका ढाब्यावर उतरलो. समोरच्या बाजेवर आमच्याच बसमधली तिशीतली एक बाई लॅपटॉप उघडून बसली. पडद्यावर ऊन येऊ नये म्हणून तिचे वडील टॉवेल धरून उभे राहिले.

मी विचारलं, तेव्हा तिनं सरळ सांगितलं. एका बँकेचा मेनफ्रेम, म्हणजे अवाढव्य संगणक. त्या एकाच्या पोटात अनेक आभासी संगणक चालतात. त्यातल्या एकाला साठवणीसाठी डिस्क जोडून द्यायची होती, आणि त्याआधी ती कोरी करायची होती.

"डिस्क रिकामी आहे ना?" तिनं फोनवर विचारलं.

"असेल," पलीकडचा माणूस म्हणाला.

"असेल नाही. बघून सांगा."

आज्ञा टाइप झाली होती, फक्त एंटर दाबायचं होतं. तिनं दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. तेवढ्यात कंडक्टर हाका मारू लागला.

"पोरी, साखरपुड्याला उशीर व्हतोय," वडील म्हणाले.

"तुमी जावा आप्पा. मी मागनं येते."

आप्पा हलले नाहीत.

मी उठलो, तेवढ्यात फोनवरून आवाज आला, "मॅडम, थांबा! यात पेन्शनवाल्यांची खाती आहेत."

ती रागावली नाही. "बरं झालं बघितलं. आता दुसरी रिकामी डिस्क शोधा," म्हणाली आणि लिहिलेली ओळ शांतपणे खोडू लागली.

बस त्या दोघांना सोडून निघाली. शेजारची म्हातारी उशीर झाला म्हणून कुरकुरत होती. मला वाटलं, त्यातलं एखादं खातं हिचंही असेल.