काळ्या रंगाखालचे जुने पाइप

गेल्या रविवारी सकाळी लालबागचा फ्लायओव्हर उतरताना आमच्या फियाटचा ब्रेक गेला. शेजारच्या सीटवर माझे बाबा होते... वय एकोणऐंशी.

पेडल दाबलं तर थेट खाली जाऊन टेकलं. दोनदा, तीनदा पंप केलं... काही नाही. समोर सिग्नलला बस उभी. गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डिव्हायडरला घासत नेली. बसच्या मागे हातभर अंतरावर थांबली.

डॅशबोर्ड धरलेला हात बाबा कितीतरी वेळ काढेनात.

ही तीच गाडी, जिचे चकाचक फोटो मी गेल्या महिन्यात इथे टाकले होते. मी शाळेत असताना बाबांनी घेतलेली, नंतर गिरगावात आमच्या चाळीमागे ताडपत्रीखाली पडून राहिलेली. दादरच्या एका रिस्टोरेशनवाल्याने सात महिने ठेवून घेऊन ती नवीकोरी करून दिली. ब्रेक, क्लच, पेट्रोल... सगळे पाइप बदलले, असं त्याने कामाच्या यादीत चक्क लिहून दिलं होतं.

गाडी टो करून भोईवाड्यात परबकाकांकडे नेली. हे बाबांचे जुने मेकॅनिक, आता फक्त ओळखीच्यांचं काम करतात. ते गाडीखाली सरकले, स्क्रूड्रायव्हरने पाइप खरवडला आणि मला खाली वाकायला लावलं.

"हेका नवो म्हणतत? नुसतो काळो रंग मारल्यान हा, बाय!"

रंगाखाली निव्वळ गंज. मागच्या चाकाकडे जाणारा ब्रेकचा पाइप फुटून सगळं ऑइल वाहून गेलं होतं. क्लचचा पाइप तसाच रंगवलेला. पेट्रोलचा रबरी पाइप काकांनी बोटाने जरासा वाकवला, तर त्याच्यावर चिराच चिरा... आणि तो जातो कुठून, तर तापलेल्या इंजिनाला लागून.

माझं डोकंच फिरलं. चूक होते, विसरायला होतं, ते मी समजू शकते. पण कुणीतरी गाडीखाली झोपून, ब्रश घेऊन, गंजावर नीट रंग मारलाय हो! हे विसरणं नाही.

फुटलेला पाइप तसाच हातात घेऊन दादरला गेले. मालक हसतच पुढे आला. "मॅडम, अहो अशा गाड्या रोज थोड्याच चालवतात? शोपीस असतात. या ना, केबिनमध्ये बसून बोलू."

"इथेच बोलायचं," मी म्हणाले. आणि मग जे तोंड सोडलं ते सोडलंच. माझ्या बाबांचा जीव शोपीस आहे का, हेही विचारलं. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते.

तिथे खुर्चीवर एक वयस्कर गृहस्थ बसले होते. नातीच्या लग्नासाठी जुनी अँबॅसेडर करून घेतलेली, तिची डिलिव्हरी घ्यायला आलेले. ते शांतपणे उठले. "माझ्या गाडीचे पाइप बदललेत ना हो?"

"हो हो, काका. सगळे."

त्या गृहस्थांनी खिशातून एक नाणं काढून त्याच्यासमोर धरलं. "मग जरा खरवडून दाखवा."

मालकाने ते नाणं घेतलं नाही. मघाचं हसू पार गेलं होतं.

आमच्या गाडीला परबकाकांनी दोन दिवस खपून सगळे पाइप नवे घातले. बाबा स्टुलावर बसून एकेक जॉइंट बघत होते. शेवटी ब्रेकमधली हवा काढायला मी सीटवर बसले आणि गाडीखालून काकांचा आवाज... "दाब... धरून ठेव... सोड." हळूहळू पेडल पायाखाली घट्ट झालं. तेव्हा कुठे मला रडू आलं.

काल अँबॅसेडरवाल्या काकांचा मेसेज आला; त्या दिवशी निघताना त्यांनी माझा नंबर घेतला होता. त्यांच्या गाडीखालीही तेच निघालं. नातीची वरात दुसऱ्या गाडीतून काढणार आहेत. शेवटी लिहिलंय, "तुम्ही त्या दिवशी ओरडलात, फार बरं झालं."

बाईमाणसाने चारचौघांत आवाज चढवू नये, हे मी जन्मभर ऐकत आले. त्याबद्दल कुणी आभार मानायची ही पहिलीच वेळ... आणि राग अजूनही गेलेला नाही, हेही सांगून ठेवते.