माय विस्तव उचलायची

तेंदूपत्ता तोडायला निघालेल्या बायांचा ट्रक उलटला, त्यात मायचा कणा मोडला. मी तेव्हा शाळेत होते. तिचं कमरेखालचं शरीर गेलं, हात राहिले. त्या हातांनी मोहाडीच्या आमच्या घरात, मांडीवर सूप घेऊन, ती आठ वर्षं बिड्या वळत होती.

एक दिवस चुलीतला निखारा पानांच्या ढिगाजवळ पडला. मायनं तो बोटांनी उचलला आणि सावकाश चुलीत टाकला.

"हात हाये का चिमटा वं?" शेजारीण ओरडली. माय हसली.

मला ते शौर्य वाटलं. युनियनची पत्रकं वाचत आणि लोकांना वाटत मोठी झालेली मी. बिडी कामगारांच्या पत्रकात मी लिहिलं, 'जिला विस्तव पोळत नाही, तिला मालक काय पोळणार?' बाजाराच्या दिवशी मोठ्यानं वाचून दाखवलं. बायांनी टाळ्या वाजवल्या.

दोन दिवसांनी तिच्या बोटाचा फोड फुटून पानाला चिकटलेला दिसला. तिला पत्ताच नव्हता.

"दुखत नाही?"

"काहीच नाही. पान तर बरोबर समजते मले."



नागपूरच्या डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगून हातांना गरम आणि थंड पाण्याच्या नळ्या लावल्या. कोपरापर्यंत माय दोन्हींना "थंड" म्हणाली. जुन्या दुखापतीच्या जागी मज्जारज्जूत पोकळी होऊन पाणी साचलंय, ते वर सरकतंय; त्यामुळे स्पर्श कळतो, पण चटका आणि दुखणं कळत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुढे हातांतली ताकदही जाऊ शकते. ऑपरेशननं कदाचित थांबेल, पण गेलेलं परत येणार नाही.

तो ट्रक तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराचा होता, असं मी तिथेही तावातावानं सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली आणि नळी दंडाला लावली.

ऑपरेशनची तारीख लांबची मिळाली. तोवर मी रोज सकाळी तिला डोळे मिटायला सांगून तिच्या खांद्याला दोन पेले लावायची, एक चहाचा, एक विहिरीच्या पाण्याचा. खांद्याला अजून कळत होतं. तेही गेलं, तर पाणी आणखी वर सरकलं असा अर्थ होता.

"रोज काय परीक्षा घेऊन राहिली वं? पास कर ना एकदाची."

एका सकाळी ती फारच पटकन "गरम" म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. मग दिसलं, तिच्या पापण्या किलकिल्या होत्या आणि पेल्यातून वाफ निघत होती.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागे उभी राहिले. दोन्ही पेल्यांत विहिरीचं पाणी होतं.

पहिला लावला. "थंड," माय म्हणाली.

दुसरा लावला.

"गरम," ती म्हणाली आणि सूप पुढं ओढलं. "झाली ना पास?"