कोंबड्यांनी खाल्लेली हद्द

तुमच्या गावच्या बाजारात शेतकऱ्याने नेमके कुठे बसायचे, हे ठरवणारा कागद तुम्ही कधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे का? मीही पाहिला नव्हता. आणि न पाहताच त्याच्या नावाने दोन नोटिसा बजावल्या होत्या. नोकरीतली मोठमोठी प्रकरणे आता पुसट झाली. वेल्ह्याच्या रस्त्यावरचे हे एवढेसे प्रकरण मात्र जसेच्या तसे डोळ्यांसमोर आहे.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. विंझरच्या पुढे एका गावात दर रविवारी शेतकऱ्यांचा बाजार भरू लागला होता. इंद्रायणी तांदूळ, नाचणी, वाल, रानभाज्या, गावठी कोंबड्या. पिकवणारानेच विकायचे, मध्ये कोणी नाही. हा बाजार उभा केला होता एका बाईने; सारे तिला आक्का म्हणत. त्याआधी ती एसटीत गाठोडी घालून पुण्याच्या फुटपाथवर बसायची आणि तिथून हुसकावली जायची. तीन ग्रामसभांत उभी राहून, भांडून तिने गावातल्या मोकळ्या मैदानाची परवानगी मिळवली. अट एकच होती, रस्त्याची हद्द सोडून बसायचे. शनिवारी संध्याकाळी ग्रामपंचायतीचा शिपाई चुन्याच्या फक्कीने पांढरी रेघ मारून जायचा. रेघेच्या आत बाजार, बाहेर रस्ता. तीनदा हद्द मोडली की परवानगी रद्द.

आणि लागोपाठ दोन रविवार ठाण्यात फोन आला. "साहेब, बाया रेघेच्या भायेर बसल्यात. चांगल्या चार फूट." नाव विचारले की फोन बंद. दोन्ही वेळा हवालदार जाऊन आला. पहिली रांग खरोखरच रेघेबाहेर होती. त्याने फोटो काढले, मी नोटीस काढली. आम्ही आमचे काम चोख केले, असे मला वाटले.

दुसरी नोटीस हातात घेऊन आक्का ठाण्यात आली. बसा म्हटले तरी बसली नाही.

"साहेब, आमी जागच्या हललोच न्हाई. ताडपत्रीचे दगड पयल्या दिवशी ठेवले तिथंच हायती. रेघच हलली."

ठाणे अंमलदाराला हसू आले. "रेघेला पाय फुटले का काय, आक्का?"

"फुटले असतील. तेच हुडकायला तुमी हितं बसलाय न्हवं?"

तिसऱ्या रविवारी पुन्हा फोन आला, पुन्हा तेच "चार फूट". आता एक नोटीस निघाली की बाजार संपला. या वेळी मी स्वतः निघालो. वाटेत जीपमध्ये ते चार फूट डोक्यात घोळत राहिले. रागावलेला माणूस "पार रस्त्यात बसल्यात" असे सांगतो. जो चार फूट सांगतो, त्याने आधी मोजलेले असते.

मैदानावर रेघ बायकांच्या मागून गेलेली स्पष्ट दिसत होती. हवालदाराने मोबाईल काढला. तेवढ्यात माझे लक्ष खाली गेले. पायाला दोरी बांधलेल्या तीन कोंबड्या रेघेवर तुटून पडल्या होत्या. हातभर रेघ त्यांनी साफ केली होती.

मी आक्काला विचारले, "कोंबड्या चुना खातात का?"

"एवढ्या गोडीनं? न्हाई बा!" ती वाकली, रेघ चिमटीत घेतली आणि जिभेवर ठेवली. मग असे काही हसली की सगळा बाजार वळून पाहू लागला. "साहेब, भाकरी थापा आता. हे तांदळाचं पीठ हाय!"

मैदानाच्या कडेलाच पिठाची गिरणी होती. आम्ही आत गेलो. गिरणीचे मालक शेठ मोठ्या लगबगीने पुढे आले. आवाज चढवणे सोपे असते; पण मी नोकरीत शिकलो होतो की साधा प्रश्न जास्त लांब जातो.

"शेठ, चार फूट कशाने मोजले?"

"टेपनं," ते म्हणाले. आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

पुढचा जबाब आपोआप आला. पहिल्या रांगेच्या ताडपत्र्यांमुळे रस्त्यावरून गिरणीची पाटी दिसत नव्हती. म्हणून तिन्ही रविवारी पहाटे खरी रेघ पुसून, गिरणीत खाली सांडलेल्या पिठाने त्यांनी ती चार फूट मागे ओढली होती, आणि फोनही त्यांनीच केले होते. "चार फूट मागं सरतील एवढंच म्हटलं, साहेब. बाजार बंद पडावा आसं न्हवतं. बाजारामुळंच तर लोकं गिरणीत येत्यात. तीन नोटिसांचं मला कुठं ठावं?"

ते खोटे बोलत नव्हते. अटींचा मूळ कागद कोणीच वाचला नव्हता.

मी ग्रामसेवकाला ग्रामपंचायतीतले कपाट उघडायला लावले. परवानगीत लिहिले होते, "गटाराच्या आतील कडेपासून सहा फूट सोडून". पंचांसमक्ष टेप लावली. आक्काचे दगड सहा फूट आणि वर एक वीत आत होते! ही बाई कधीच हद्दीबाहेर नव्हती. दोन्ही नोटिसा रद्द केल्याची नोंद मी स्टेशन डायरीत स्वतःच्या हाताने केली. अशी चूक दुसऱ्याच्या अक्षरात लिहायची नसते.

शेठना समज दिली आणि हद्दीवर कायमचे दगड पुरायला लावले. ते घामाघूम होऊन खणत होते आणि शेजारी आक्का उभी होती.

"शेठ, पाटी दिसंना हे तोंडानं सांगायचं व्हतं. आमी काय खाऊन टाकणार व्हतो?" असे म्हणत तिने कोपऱ्यातली ताडपत्री स्वतःच सोडली. पाटी रस्त्यावरून लख्ख दिसू लागली. हवालदाराने त्या तिघींपैकी एक कोंबडी विकत मागितली, तर आक्का उसळली, "ही न्हाई मिळायची! ही सरकारी साक्षीदार हाय!"

त्या हशात मीही हसलो, पण आतून शरमलो होतो. कायदा कपाटात आणि चुन्याची रेघ रस्त्यावर, असे झाले की ज्याच्या हातात पीठ तोच कायदा लिहितो, आणि आमच्यासारखे गणवेशातले लोक त्यावर शिक्का मारतात. खरा नियम त्या बाईच्याच बाजूचा होता. त्याला उजेडात आणायला तीन कोंबड्या लागल्या, हा आमचा पराभव आहे.

म्हणून एक मागणे आहे. येत्या ग्रामसभेला जा. तुमच्या बाजाराच्या जागेचा कागद आणि नकाशा मागा, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावा, आणि तिथल्या तिथे टेप घेऊन हद्दीचे दगड पुरा. फक्कीवर विसंबू नका.