देवीच्या पायाशी उंदीर

सुरतेला प्लेग आला तेव्हा माझा नवरा नेमका ट्रक घेऊन सुरतेलाच गेला होता. बघा नशीब! पेणहून रोह्याकडे जाताना रस्त्याला लागून आमचा लष्कराचा छोटासा तळ होता. चार बराकी, एक मैदान आणि बायकामुलांसाठी क्वार्टर्सची एक ओळ. नवरा तिथं ड्रायव्हर. माझं माहेर जोह्याचं, घरोघरी गणपती घडवणाऱ्या गावचं, आणि सासर रोह्याचं. "तुझी काय गो मजा हाय, नवरा फौजेत नि घर हाकेवर," असं मैत्रिणी म्हणायच्या. मजा होतीच, नाही कशाला म्हणू?

ट्रक परतला, पण डॉक्टरसाहेबांनी नवऱ्याला घरी येऊ दिलं नाही. मैदानाच्या टोकाला तंबू ठोकला, भोवती दोरी बांधली. काही दिवस तिथंच राहायचं आणि लांबून बोलायचं, असा हुकूम. तळाचं फाटकही बंद झालं. बातमी बाहेर फुटायला काय वेळ लागतो! रोह्याची एस्टी आमच्या फाटकावरून खिडक्या बंद करून पळायला लागली. मला असा संताप यायचा की एकदा मी कुंपणाशी उभी राहून त्या एस्टीला कोपरापासून हात जोडले.

माझी खरी अडचण वेगळीच होती. मला दिवस गेले होते. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, नवस बोलून बोलून सासूबाई दमल्या होत्या, आणि आम्ही दोघांनी तो विषय काढणंच सोडलं होतं. नवरा सुरतेला गेल्यावर मला कळलं. आता दोरीपलीकडच्या माणसाला हे सांगायचं कसं? सगळ्या तळासमोर ओरडून? शी! म्हटलं, घरी येतील तेव्हा सांगेन.

नवरात्र तोंडावर आलं. तळावरच्या देवळात दरवर्षी पेणहून देवीची मूर्ती यायची, यंदा फाटकच बंद. आमच्या सुभेदारीणबाई साताऱ्याकडच्या. तळावरच्या सगळ्या बायकांच्या त्या जणू थोरल्या जाऊबाई. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू जोह्याची न्हवं? मग बाहेरनं कशाला आणायची? तूच कर की."

"बाई, आम्ही गणपतीवाले," मी म्हटलं.

"मग त्यो काय देव न्हाय?"

झालं. भावानं शाडूचं पोतं आणि रंग फाटकाशी आणून ठेवले, पहारेकऱ्यानं त्यावर पावडर मारली, आणि कॅन्टीनच्या ओट्यावर काम सुरू झालं. त्या ओट्यावरून तंबू अगदी समोर दिसायचा. सावलीसाठी जागा निवडली, असं सुभेदारीणबाई सगळ्यांना सांगत होत्या. ओट्यावर सावली नव्हतीच.

सगळ्या बायका तोंडाला रुमाल बांधून माती मळायला बसल्या. आपापल्या मुलखातली देवीची गाणी, मध्ये मध्ये चहा, आणि माझ्या नवऱ्याच्या तंबूकडे बघून चिडवाचिडवी. प्लेगच्या दिवसांत असं म्हणू नये, पण मला फार बरं वाटत होतं. अडचण एकच, माझ्या हातांना लहानपणापासून एकच देव ठाऊक! देवीला पोट आलं. मी कमी केलं, बोलता बोलता पुन्हा आलं. आणि गप्पांच्या नादात मी पायाशी एक गोळा ठेवला, त्याला कान काढले, शेपूट वळली.

"आगं बया, उंदीर!" सुभेदारीणबाई किंचाळल्या.

तळावर जिकडेतिकडे पिंजरे लावलेले, जवान काठ्या घेऊन बिळं शोधतायत, आणि मी देवीच्या पायाशी हौसेनं उंदीर बसवलेला! हसून हसून आमची पुरेवाट झाली. तंबूतून आवाज आला, "अगो, काय झालं?" कुणीतरी ओरडून सांगितलं. त्यावर नवरा म्हणतो, "डॉक्टरसाहेबांना दाखवू नको, औषध मारतील! आणि देवीचं पोट बघ गो, जेवून आलीय काय?"

माझे कान लाल झाले. मी मुकाट्यानं उंदराची शेपूट मोडली आणि त्याचा सिंह करायला घेतला.

मूर्ती वाळली, रंगली, आणि त्याच दिवशी तंबूतली थट्टा बंद झाली. नवऱ्याला सणकून ताप भरला होता. डॉक्टरसाहेबांनी रक्त तपासायला पाठवलं आणि माझ्याशी बोलताना नजर चुकवली.

राहिली होती फक्त डोळ्यांची आखणी. आमच्यात ती सगळ्यात शेवटी करतात, आणि त्या वेळी कुणी बोलत नाही. ओट्यावर सगळ्या मूर्तीभोवती येऊन बसल्या. मी कुंचला उचलला, तंबूकडे बघितलं, ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा तेच. मनात एकच येत होतं, हा माणूस काही न कळताच गेला तर? मग मात्र मला राहवेना. कुंचल्यासकट धावत दोरीपर्यंत गेले आणि ओरडले, "अहो, ऐकताय ना? पोट देवीला नाय, मला येणार हाय! तुम्ही बाप होताय!"

जवानांच्या स्वयंपाकाच्या लंगरातली भांडी वाजायची थांबली. पहारेकरी उगाच आभाळाकडे बघायला लागला. मग तंबूचा पडदा हलला. नवरा घोंगडी पांघरून बाहेर आला आणि तिथंच मातीत बसला. रडत होता की थंडीनं कुडकुडत होता, लांबून कळेना.

"मग इथं काय उभी?" तो म्हणाला. "जा, आखणी कर. तिला बघू दे आपल्याकडे."

मी परत गेले आणि डोळे आखले. दोन्ही, एका दमात.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरसाहेब मैदानातून जवळजवळ पळतच आले. "मलेरिया! साधा मलेरिया!" मलेरियाचं नाव ऐकून एवढी खूश झालेली माणसं मी पुन्हा कधी पाहिली नाहीत. जवानांनी ताटं बडवली. सुभेदारीणबाई डबा घेऊन जो दिसेल त्याच्या तोंडात साखर घालत सुटल्या. "साखर कशाची, तापाची का बाळाची?" कुणीतरी विचारलं. "दोन्हीची, गप खा!" त्या म्हणाल्या.

दसऱ्यापर्यंत दोरी निघाली, फाटक उघडलं, आणि एस्टीही खिडक्या उघड्या टाकून जायला लागली. तळावरच्याच तळ्यात विसर्जन होतं. नवऱ्याला अशक्तपणा, मला दिवस, त्यामुळे दोघांनाही कुणी मूर्तीला हात लावू देईना. आम्ही काठावर शेजारी शेजारी बसलो. सुटल्या पोटाची आमची देवी, उंदराच्या कानांच्या सिंहासकट, हळूहळू पाण्यात उतरत होती. पाणी गळ्यापर्यंत आलं तरी डोळे आमच्याच बाजूला होते.

"बघतेय गो," नवरा म्हणाला.